एसपी साहेब नक्की कोणाचे?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त सहायक पोलीस आयुक्तांची उत्तरे

प्रश्न : आमच्या पारावर वाद झाला. एक जण म्हणतो, एसपी (जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक) म्हणजे राज्य सरकारचा नोकर, मुख्यमंत्री सांगतील तसं वागणार. दुसरा म्हणतो, ते केंद्राचे, राष्ट्रपतींनी नेमलेले, राज्य त्यांना हात लावू शकत नाही. खरं कोणाचं? आणि पोलीस हा राज्याचा विषय असेल तर दिल्लीने निवडलेला अधिकारी आमच्या जिल्ह्यात कशासाठी?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि ते तसं असावं असं ठरवूनच केलेलं आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची, दुसरी पोलिसांची. म्हणजे दल राज्याचं. पण दलाचं नेतृत्व ज्यांच्याकडे असतं ते बहुतेक अधिकारी भारतीय पोलीस सेवेतले, आणि ही सेवा घटनेच्या कलम ३१२ मधली अखिल भारतीय सेवा आहे. निवड केंद्रीय लोकसेवा आयोग करतो, नेमणूक राष्ट्रपतींच्या नावाने होते, प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत होतं आणि सेवेची सूत्रं केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतात. एकदा राज्याचं कॅडर मिळालं, म्हणजे अधिकारी त्या राज्याच्या गटात गेला, की पगार, नेमणुकीचं ठिकाण आणि रोजचे आदेश राज्याचे. राज्य त्यांना निलंबित करू शकतं, विभागीय चौकशी लावू शकतं. बडतर्फ मात्र करू शकत नाही. ते केंद्रानेच करायचं, तेही लोकसेवा आयोगाचा सल्ला घेऊन.

असं का केलं, याचं उत्तर सरदार पटेलांकडे जातं. ऑक्टोबर १९४६ मध्ये प्रांतांच्या पंतप्रधानांच्या बैठकीत भारतीय प्रशासकीय सेवा आणि भारतीय पोलीस सेवा या दोन सेवा उभारायचं ठरलं. तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत. पुढे १० ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत पटेलांनी सेवांना मिळणाऱ्या हमीची बाजू लढवली. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, तेवढं स्वातंत्र्य मी सगळ्या सचिवांना दिलं आहे, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. हे भाषण देशाच्या गृहमंत्र्याचं होतं, हे विसरू नका. ज्याच्या हाताखाली हे अधिकारी काम करणार होते, त्यानेच त्यांच्या 'नाही' म्हणण्याच्या हक्काला घटनेत जागा मागितली.

मी एका जिल्ह्यात एसपींचा रीडर होतो. साहेबांपुढे जाणारा जवळपास प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. त्या टेबलावरून जे दिसलं त्यावरून सांगतो : एसपी सरकारचे असतातच, आणि निवडून आलेल्या सरकारचं धोरण राबवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. बंदोबस्त कुठे वाढवायचा, कोणत्या गुन्ह्यांवर भर द्यायचा, पैसा कशावर खर्च करायचा, हे सरकार सांगू शकतं. पण अमक्याला अटक करा आणि तमक्याला सोडा, हे कोणी सांगायचं नाही. तपास कायद्याने चालतो. ही रेषा सांभाळायची म्हणून त्या खुर्चीला घटनेचं पाठबळ दिलेलं आहे.


प्रश्न : आमच्या गोव्यात पोलीस महासंचालक येतात, थोडे दिवस राहतात आणि दिल्लीला निघून जातात. आमचे गोंयकार अधिकारी त्या पदावर का नसतात?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : गोव्याचं स्वतंत्र आयपीएस कॅडर नाही. अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांचं मिळून एक कॅडर आहे आणि ते केंद्रीय गृह मंत्रालय चालवतं. त्यामुळे एकच अधिकारी आज पणजीत, नंतर दिल्लीत, पुढे अंदमानात असू शकतो. गोवा पोलीस सेवेतले स्थानिक अधिकारी बढतीने या सेवेत येऊ शकतात, पण आल्यावर तेही याच कॅडरचे होतात. मला विचाराल तर अशा कॅडरमध्ये गोव्याला येणाऱ्याने कोंकणी शिकणं सक्तीचं समजावं. फिर्याद फोंड्याच्या माणसाची आणि समजून घेणारा दुभाष्या, हे बरं नाही.


प्रश्न : माझे यजमान पोलीस हवालदार आहेत. सगळी नोकरी ठाण्यांत गेली. आता पंचविशीतला, तोडकंमोडकं मराठी बोलणारा साहेब येतो आणि तीस वर्षं काम केलेली माणसं त्याला सॅल्यूट करतात. तो चोर पकडत नाही, तपास करत नाही. मग तो करतो काय? खालून वर आलेलेच अधिकारी का नकोत?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली कळ मला कळते. मी नाशिकच्या अकादमीतून फौजदार होऊन बाहेर पडलो आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालो. माझ्या खांद्यावर 'म.पो.से.' (महाराष्ट्र पोलीस सेवा) आलं, 'भा.पो.से.' (भारतीय पोलीस सेवा) कधीच नव्हतं. कोवळ्या वयाच्या साहेबांना मीही सॅल्यूट केला आहे.

आधी नियमाचं सांगतो. या सेवेतल्या ठरावीक वरिष्ठ पदांपैकी एक तृतीयांशपर्यंत जागा राज्य पोलीस सेवेतून बढतीने भरतात. म्हणजे खालून वर यायची वाट आहे. पण ती उपअधीक्षकांपासून सुरू होते. हवालदारापर्यंत ती पोचत नाही. तुमच्या यजमानांसारखा माणूस फार तर फौजदारापर्यंत जातो. हा अन्याय आहे असं मी नोकरीत असताना म्हणत होतो, आजही म्हणतो.

तरीही बाहेरून थेट वर येणारा अधिकारी हवा, असं माझं ठाम मत आहे. आपण इथले. आपली सोयरीक इथली, जमीन इथली, मुलांची शाळा इथली. आमदारांचा पीए आपल्या बहिणीच्या गावचा निघतो. या साहेबांचं जिल्ह्यात कोणी नसतं. रात्री अकराला फोन आला तर त्यांना फक्त कायदा आठवावा लागतो. सगळ्यांना आठवतो असं नाही, पण आठवायला अडथळा कमी असतो.

काय करतात म्हणता? एक उदाहरण देतो, कारण ते लोकांना माहीत नसतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, हे तुम्हाला ऐकून माहीत असेल. मारहाण करून कबुली घेतली जाईल या भीतीने इंग्रजांच्या काळापासून तसा कायदा आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात त्याला अपवाद आहे. अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतः नोंदवलेला कबुलीजबाब न्यायालय विचारात घेऊ शकतं. शहरात हे काम उपायुक्त करतात. त्याच कायद्यात मोक्का लावायलाच आधी उपमहानिरीक्षकांची मंजुरी लागते, आणि न्यायालयात खटला उभा करायला अपर महासंचालकांची. टोळीच्या गुन्ह्यात माणूस वर्षानुवर्षं आत राहू शकतो; म्हणून कायद्याने तीन पायऱ्यांवर तीन अधिकाऱ्यांना थांबून कागद वाचायला लावला आहे. तपास तुमच्या यजमानांसारख्यांनीच केलेला असतो. तो तपास खरा आहे का, कोणाला उगीच गोवलं नाही ना, हे पाहणं साहेबाचं काम.

आमच्या ठाण्यात एक परिविक्षाधीन अधिकारी काही महिने होते. हैदराबादहून आलेले, हिंदी पट्ट्यातले. रोज सकाळी ठाणे अंमलदाराच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि स्टेशन डायरी मोठ्याने मराठीत वाचायचे. हवालदार उच्चार दुरुस्त करायचे. एका विहिरीतल्या मृतदेहाच्या पंचनाम्याला साहेब स्वतः उतरले, दोराला धरून. वर आल्यावर त्यांनी हवालदारांना विचारलं की तुम्ही चपला कुठे सापडल्या हे आधी का पाहिलंत. हवालदारांनी सांगितलं, उडी मारणारा चपला काठावर काढून ठेवतो, ढकललेल्याच्या चपला सैरावैरा पडतात. साहेबांनी ते वहीत उतरवलं. तो पुढे खुनाचा गुन्हा निघाला. हे शिकणं ज्याने केलं तो नेता झाला. ज्याने स्टूल घेतलं नाही, त्याचा नुसता दर्जा वाढला.

तुमच्या जिल्ह्यातले साहेब कसे आहेत हे पाहायचं असेल तर यजमानांना एवढंच विचारा : ओआर नियमित होते का? म्हणजे ऑर्डर्ली रूम, जिथे शिपायापासून कोणीही आपली अडचण थेट एसपींपुढे मांडू शकतो. घराचा प्रश्न, बदलीचा अर्ज, ठाणेदाराने चुकीची केलेली गैरहजेरी, सगळं. ती खोली जो बंद ठेवतो त्याचे बाकीचे गुण मी मोजत नाही.

आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे गेले. दोघे आयपीएस, एक निरीक्षक, एक सहायक फौजदार. चौघांनाही २६ जानेवारी २००९ ला अशोकचक्र जाहीर झालं. त्या रात्री पद पाहून कोणी मागे राहिलं नाही.


प्रश्न : आमच्या जिल्ह्यात चांगले एसपी आले होते. अवैध धंदे बंद झाले, लोक ठाण्यात जायला घाबरेनासे झाले. वर्ष व्हायच्या आत बदली झाली. आम्ही मोर्चा काढला, निवेदन दिलं, काही झालं नाही. घटनेचं संरक्षण वगैरे तुम्ही नेहमी लिहिता. ते गेलं कुठे?
(एक शिक्षक, मराठवाडा)

उत्तर : गुरुजी, सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

संरक्षण आहे ते नोकरीला. खुर्चीला नाही. राज्य सरकार आयपीएस अधिकाऱ्याला घरी पाठवू शकत नाही, पण जिल्ह्यातून उचलून अशा जागी बसवू शकतं की जिथे फोन वाजत नाही आणि फाईल येत नाही. पगार तोच, दर्जा तोच. आणि त्यानंतर येणाऱ्याला कोणी काही सांगावं लागत नाही; आधीच्याचं काय झालं ते त्याने पाहिलेलं असतं.

हे थांबवायचे प्रयत्न झाले. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ मध्ये आठ अहवाल दिले. ते पडून राहिले. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेश आणि आसामचे महासंचालक राहिलेले, सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख राहिलेले अधिकारी निवृत्तीनंतर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. महासंचालक लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तिघांतून नेमा आणि त्याला किमान दोन वर्षं द्या. जिल्ह्याच्या एसपीला, परिक्षेत्राच्या महानिरीक्षकाला, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही किमान दोन वर्षं द्या. बदल्या-बढत्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमा. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा. असे सात आदेश होते.

आपल्याकडे २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली. उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा एका जागेवरचा सर्वसाधारण कालावधी दोन वर्षं, हे कायद्यात आलं. पण त्याच कायद्यात मुदतपूर्व बदलीची वाटही ठेवली आहे : अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी, प्रशासकीय निकडीपोटी. आयपीएस अधिकाऱ्याच्या बाबतीत ते ठरवणारे सक्षम प्राधिकारी कोण? मुख्यमंत्री. वरिष्ठांच्या बदल्यांचं आस्थापना मंडळही गृह खात्याच्या अपर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. तुमच्या एसपींच्या आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' एवढे दोन शब्द असतील. मी असे आदेश पुष्कळ वाचले आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की मुदतीआधी एसपी बदलायचा तर कारण सविस्तर लिहा आणि ते विधिमंडळापुढे ठेवा. बदली करायचा हक्क सरकारचा राहू दे, पण कारण सांगायची जबाबदारीही त्याच्यावर असू दे.

तोवर अधिकाऱ्याच्या हातात काय उरतं? कागद. मी रीडर असतानाचा एक प्रसंग आहे. रात्रीच्या गस्तीत वाळूचे डंपर पकडले, गुन्हा दाखल झाला. मध्यरात्रीनंतर एका वजनदार पुढाऱ्याचा फोन आला, गाड्या सकाळपर्यंत सोडा म्हणून. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "आपण लेखी पाठवा, मी त्यावर निर्णय घेतो." लेखी काही येणार नव्हतं. सकाळी त्यांनी मला बोलावून टिपणी सांगितली : फोनची वेळ, कोणी केला, काय म्हणाले, आपण काय उत्तर दिलं. एक प्रत गोपनीय पाकिटातून परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांना गेली, एक ठाण्याच्या गुन्ह्याच्या कागदांत लागली.

काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली. नवे साहेब आल्यावर पुन्हा तोच फोन आला. त्यांनी फाईल मागवली, टिपणी वाचली आणि फोनवर सांगितलं की मुद्देमाल आता कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत नाही. आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं नंतरच्या माणसाच्या कामी आलं. यात विशेष धाडस लागतं असंही नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी दिला तर लवकरात लवकर लेखी कायम करावा. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात तोंडी आदेशांवर काम करू नये, त्यांची नोंद ठेवावी असं बजावलं. नियम आहे, निकाल आहे. तो वापरणारे अधिकारी आणखी हवेत.

तुमच्या मोर्चाबद्दल. तो वाया गेला असं मानू नका, पण पुढच्या वेळी निवेदनात 'साहेबांना परत आणा' एवढंच लिहू नका. दोन वर्षांच्या आत बदली का केली, आस्थापना मंडळाची शिफारस होती का आणि कोणत्या कारणाने, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर नाकारलं तर अपिलात जा. शंभर जणांच्या घोषणांपेक्षा या एका अर्जाला उत्तर देणं मंत्रालयाला जड जातं.


प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहते. इथे काउंटीचा शेरीफ आम्ही दर चार वर्षांनी मतदान करून निवडतो. काम आवडलं नाही तर पाडतो. भारतात जिल्ह्याचा पोलीसप्रमुख लोकांनी का निवडू नये?
(एक वाचक, टेक्सास)

उत्तर : शेरीफचं पद मुंबईतही आहे. आपण त्याला नगरपाल म्हणतो आणि ते मानाचं आहे, पोलिसांशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या कल्पनेला माझा विरोध आहे. मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकांचे बंदोबस्त केले आहेत. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी कोणी कोणाच्या शेताची वाट अडवली, कोणाची गंज पेटली, हे मी पंचनाम्यांत लिहिलं आहे. ज्याच्या हाताखाली ठाणी आहेत तोच जर त्या मतांवर निवडून आला, तर हरलेल्या गटाने फिर्याद कुठे द्यायची? ज्या वस्तीची मतं थोडी, तिने कोणाकडे पाहायचं?

पण तुमच्या प्रश्नातली मागणी रास्त आहे. पोलीसप्रमुखाला लोकांपुढे उत्तर द्यावं लागलं पाहिजे. त्यासाठी २००६ च्या निकालात पोलीस तक्रार प्राधिकरणाचा आदेश आहे : निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, एसपी आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार राज्य पातळीवर, खालच्यांची जिल्हा पातळीवर. महाराष्ट्राच्या कायद्यातही हे प्राधिकरण आलं आहे. लोकांना ते ठाऊक नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.


प्रश्न : आमचं चाकण आधी पुणे ग्रामीणच्या एसपींकडे होतं. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांकडे गेलं. पाटी बदलली, आमच्यासाठी काय बदललं?
(एक वाचक, चाकण)

उत्तर : सहीचा मालक बदलला. जिल्ह्यात पोलीस दलावर जिल्हाधिकाऱ्यांचं दंडाधिकारी म्हणून नियंत्रण असतं. एखाद्या गुंडाला एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करायच्या राज्याच्या कायद्याखाली, स्थानबद्ध करायचं तर एसपी प्रस्ताव पाठवतात आणि जिल्हाधिकारी सही करतात. आयुक्तालयात प्रस्तावही पोलिसांचा आणि सहीही पोलीस आयुक्तांची. तडीपारी आणि जमावबंदीचंही साधारण तेच. कामाला वेग येतो, औद्योगिक पट्ट्यात त्याची गरज आहे. पण दुसऱ्या खात्याची नजर कमी होते. एमपीडीएचा आदेश पुढे शासनाकडे आणि सल्लागार मंडळाकडे जातो, तेवढी तपासणी शिल्लक आहे.


प्रश्न : विहिरीवरची पाणबुडी मोटार आणि केबल चोरीला गेली. ठाण्यात गेलो तर एफआयआर न घेता साधा अर्ज घेतला, 'चौकशी करतो' म्हणाले. एसपींना भेटायला जिल्ह्याला जायला एक दिवस मोडतो. भेटून उपयोग होईल का?
(एक वाचक, जत)

उत्तर : भेटायची गरज नाही. टपाल पुरेसं आहे, आणि ही सोय कायद्यातच आहे.

पाच हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. मोटार आणि केबल त्याच्या कितीतरी वर जाते, म्हणून तुमचा गुन्हा दखलपात्र आणि एफआयआर घेणं सर्वसाधारणपणे बंधनकारक. ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे फिर्यादीचा मजकूर लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. दखलपात्र गुन्हा दिसला तर त्यांनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला तपासाचा आदेश द्यायचा, असं कलम सांगतं. शहरात असाल तर हाच अर्ज परिमंडळाच्या उपायुक्तांना.

अर्जात रागाचं काही लिहू नका. मोटार कधी घेतली, किती अश्वशक्तीची, शेवटची कधी चालवली, चोरी केव्हा लक्षात आली, ठाण्यात कोणत्या तारखेला गेलात, एवढंच क्रमाने लिहा. गेल्या हंगामात आसपासच्या कोणाकोणाच्या मोटारी गेल्या तेही लिहा. एका ठाण्याला ती एक चोरी वाटते; एसपींच्या क्राइम मीटिंगमध्ये तीन ठाण्यांचे आकडे शेजारी आले की टोळी दिसते, आणि मग स्थानिक गुन्हे शाखेला काम लागतं. मी रीडर असताना अशाच अर्जांतून एक टेम्पो सापडला होता.

तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण आधी एसपींकडे अर्ज केल्याचं दाखवावं लागतं आणि सोबत शपथपत्र द्यावं लागतं. म्हणून ठाण्यातल्या अर्जाची पोच, स्पीड पोस्टची पावती आणि मोटारीचं बिल यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागून घ्या.